कोपऱ्यातली तारीख

थोरलीला संवाद लिहिता येत नसत. एका माणसाने दुसऱ्याला नुसतं 'पाणी दे' म्हणायचं असलं, तरी तिच्या हातून ते सरकारी अर्जासारखं उतरायचं. पण पाणी कुणी मागावं, कुणी ते द्यायचं टाळावं, आणि त्या टाळण्यावरून चाळीस भागांनंतर कुणाचं घर फुटावं, हे तिच्याइतकं नेमकं त्या अख्ख्या इमारतीत कुणाला सांगता येत नसे. टीव्हीवर रोज संध्याकाळी लागणाऱ्या एका कौटुंबिक मालिकेचा आराखडा ती करायची. संवाद दुसरा लिहायचा, चित्रीकरण तिसरा करायचा आणि नाव चौथ्याचं व्हायचं. ऑफिसात तिला आराखडेबाई म्हणत. सुरुवातीला तिला ते लागायचं, मग कानाला सवय झाली, आणि पुढेपुढे कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर ती वळून बघायलाच विसरायची.

तिसऱ्या मजल्यावर कथाखोली होती. खिडक्या कायमच्या बंद, एसीचं पाणी कोपऱ्यातल्या बादलीत टपटप पडायचं आणि एक पूर्ण भिंत बुचाच्या फळ्याने झाकलेली. त्या फळ्यावर रंगीत कार्डं टाचलेली असत. प्रत्येक पात्राला एक रंग. चॅनेलवाल्यांनी पात्रांची नावं दोनदा बदलल्यापासून खोलीत नावं घ्यायची कुणी बंदच केली होती. "निळीला ताप आणू या का?" "हिरव्याला तुरुंगात घालून तीन आठवडे झाले, कुणीतरी सोडवा रे त्याला." नवीन आलेला माणूस पहिला दिवस घाबरून बसायचा, दुसऱ्या दिवशी तोच म्हणायचा, "मारून टाका ना जांभळ्याला, नाहीतरी काय करतोय तो?"

मालिकेचा मुख्य साहेब कात्री या नावाने प्रसिद्ध होता. दिसेल ते कापायचा, आणि कापल्यावर "हे कुणी कापलं?" म्हणून दुसऱ्यावर डाफरायचा. त्याच्यासाठी थोरलीने एक नियम केला होता. फळ्यावर कार्ड लागलं की त्याच्या उजव्या कोपऱ्यात त्या दिवसाची तारीख घालायची. जुनं कार्ड काढायचं नाही. बेत बदलला तर नवं कार्ड त्याच्यावर टाचायचं, खालचं तसंच ठेवून. म्हणजे कोण कधी काय ठरवून बसलं होतं, ते भिंतच सांगायची, आणि कात्रीलाही गप्प बसावं लागायचं.

दुसरी तिची पद्धत शेवटाची. ती कुठल्याही पात्राचा शेवट आधी ठरवायची आणि तिथून मागे मागे येत सुरुवातीला पोचायची. शेवटाचं कार्ड भिंतीकडे तोंड करून, उलटं टाचायचं, बाहेर फुटू नये म्हणून. ते कुणी उलटून बघायचं नाही, असा दंडक होता. "बाईंनी लग्न का केलं नाही माहितीये?" संवाद लिहिणारा म्हणायचा. तो बोलका माणूस होता, सगळे त्याला पोपटच म्हणत. "नवऱ्याचा शेवट आधी दिसेना, मग सुरुवात कशी करणार?" थोरलीही हसायची. विनोद तिच्यावर असला तरी रचना चांगली होती, हे तिला मान्य असायचं.

धाकटी तिच्याहून सात वर्षांनी लहान. चष्म्याच्या एका दुकानात मागच्या खोलीत बसून ती काचा घासायची, फ्रेमच्या मापाला आणायची, बसवायची. तिचं दुकान आणि थोरलीचं ऑफिस यांच्या मधोमध एक चहाचं दुकान होतं. दर गुरुवारी दुपारी अर्धा तास दोघी तिथे भेटत. चहा, टोस्ट, आणि धाकटीचा नवरा.

तो मारत नसे, पीत नसे, ओरडतसुद्धा नसे. तो फक्त धाकटी काही बोलली की जरा थांबायचा, मग आठ वर्षांच्या मुलीकडे वळून शांतपणे म्हणायचा, "आईला असं म्हणायचंय की..." आणि धाकटीचं वाक्य नीट करून सांगायचा. पाहुण्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर, जेवताना. मुलीला समजायला लागल्यापासून हेच. "आणि ताई, आता पोरगीसुद्धा म्हणते," धाकटी एकदा सांगत होती. "काल मी दूधवाल्याला सांगितलं, उद्या नको. तर ही मागून येऊन सांगते, 'आईला असं म्हणायचंय की, परवापासून द्या.' मी काय मुकी आहे का गं?"

थोरलीला भरून आलं. तिने धाकटीचा हात हातात घेतला. आणि अर्ध्या तासाने ऑफिसच्या जिन्यात तिला आठवलं, की मालिकेतला तिसरा ट्रॅक, म्हणजे तिसरं उपकथानक, गेले दोन महिने मरून पडलाय.

त्याच दुपारी फळ्यावर पहिलं पिवळं कार्ड लागलं. 'नवरा पिवळीची वाक्यं सुधारतो. आईला असं म्हणायचंय की.'

धाकटीला विचारावं, असं तिच्या मनात आलं होतं. पण विचारलं असतं तर ती संकोचली असती, बोलायची बंद झाली असती, आणि मग बिचारीने मन मोकळं कुठे करायचं? असा सोयीचा अर्थ लावून थोरली मोकळी झाली. चष्म्याच्या दुकानाचं तिने औषधांचं दुकान केलं. तेवढ्याने आपलं काम सभ्य झालं, असं तिला वाटलं.

पिवळी चालली, आणि अशी चालली की निळी आणि हिरवा मागे पडले. बायका चॅनेलला पत्रं पाठवायला लागल्या, कात्री जिन्यात भेटला तरी "आमची पिवळी कशी आहे?" म्हणायला लागला. थोरलीने धाकटीला सांगून ठेवलं होतं, "तू बघू नकोस हं, टुकार आहे, मलाच लाज वाटते." धाकटीला वेळही नसायचा. त्या वेळी ती स्वयंपाकघरात आणि नवरा बातम्यांपुढे. तिची सासू मात्र दुसऱ्या गावी एकटी राहायची आणि मालिकेचा एक भाग चुकवायची नाही. फोनवर सुनेला गोष्ट सांगायची. "तुझ्या बहिणीचं डोकं म्हणजे डोकं आहे," म्हणायची. त्या घरात धाकटीच्या माहेराबद्दल निघालेला तेवढाच एक चांगला शब्द होता.

फेब्रुवारीच्या अकरा तारखेला, सोमवारी, धाकटीचा फोन आला. दुकानाच्या मागच्या दारात उभी राहून ती बोलत होती, धाप लागल्यासारखी. लांबच्या एका शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात काचा घासायच्या विभागाला मुख्य पाहिजे होती. राहायला वरच एक खोली. शाळा चालत जाण्याजोगी. एक मार्चला हजर व्हायचं, आणि शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं.

"मुलीला घेऊन निघते ताई. तो अडवणार नाही. त्याला वाटेल, आठ दिवसांत येईल परत. तू काय म्हणतेस? गुरुवारी सांग. तू हो म्हणालीस तर मी मागे वळून बघणार नाही."

मंगळवारी कथाखोलीत बैठक होती. कात्री आल्या आल्या टेबलावर थाप मारून म्हणाला, "साठ भाग वाढवून मिळाले! सगळी पिवळीची कृपा. आता तिचं पुढे काय?"

"ती निघते घर सोडून," थोरली म्हणाली. "नोकरी मिळते, मुलीला घेऊन जाते."

"डोकं ठिकाणावर आहे ना बाई? पिवळी घराबाहेर पडली की ट्रॅक संपला. जूनपर्यंत तिला उंबरा ओलांडू द्यायचा नाही. कसं ते तुम्ही बघा, त्यासाठीच तुम्ही आहात."

थोरली फळ्यासमोर उभी राहिली. निघायचं ठरवलेल्या बाईला थांबवायचं कसं? नवऱ्याने अडवलं तर ती हट्टाने जाईल. सासूने अडवलं तर दुप्पट हट्टाने. तिला थांबवायला तिच्याच बाजूचं माणूस पाहिजे, ज्याच्या शब्दावर ती डोळे मिटून विश्वास ठेवते असं. आणि कारणही असं पाहिजे की त्याला कुणी नावं ठेवू नयेत. तिने पिवळं कार्ड घेतलं आणि लिहिलं, 'पिवळी निघायचं ठरवते. मोठी बहीण थांबवते. मुलीची परीक्षा होऊ दे, म्हणते.' पोपटाने शिट्टी वाजवली. मग तिने नियमाप्रमाणे पुढचा शेवटही ठरवला, तेही कार्ड लिहिलं आणि भिंतीकडे तोंड करून टाचलं. दोन्हींच्या कोपऱ्यात बारा फेब्रुवारी घातली.

गुरुवारी चहा यायच्या आधीच धाकटी तिच्या तोंडाकडे बघत बसली होती.

"दोन महिने काढ," थोरली म्हणाली. "मुलीची परीक्षा होऊ दे. मधेच शाळा सोडवलीस तर त्याच्या हातात आयतं कोलीत मिळेल. म्हणेल, हिला पोरीच्या भविष्याचं काही पडलेलं नाही. परीक्षा झाली की उजळ माथ्याने नीघ. नोकऱ्या काय, मिळतात."

"तुला नक्की असं वाटतं?"

"अगं, नक्की."

आता थोरली खोटं बोलत होती का? नव्हती. ती बोलली ते तिला मनापासून पटलेलं होतं. दोन दिवस तिने ते इतक्या बाजूंनी तपासलं होतं, की कुठे फट म्हणून राहिली नव्हती. फक्त आपण ते कुणासाठी तपासलं, हे ती विसरली होती. इतकी वर्षं माणसं पुढेमागे सरकवण्यात घालवली की असं होतं. हाताला सवय लागते, आणि समोर कार्ड आहे की बहीण आहे, हे हात विचारत बसत नाही.

धाकटीने शुक्रवारी दवाखान्याला नाही कळवलं.

मार्चमध्ये कात्री परत भुणभुण करायला लागला. नुसती थांबलेली बाई लोक किती दिवस बघणार? तीन मार्चला थोरलीने उलट्या कार्डावरच्या शेवटापासून मागे येत तोडगा काढला. सासू येते आणि नातीला आपल्या गावी शिकायला घेऊन जाते. पिवळीचे पाय आपोआप बांधले जातात.

"म्हणजे सासू खाष्ट?" पोपटाने विचारलं.

"मुळीच नाही. गोड. ती म्हणणार, इथली शाळा चांगली आहे, हवा चांगली आहे, तुला नोकरीतून वेळ कुठे मिळतो. यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. पिवळीला भांडायला जागाच ठेवायची नाही."

"बाई, तुमच्याशी वैर नको," पोपट म्हणाला, आणि त्याने ती तीन वाक्यं जशीच्या तशी सासूच्या तोंडी घातली. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ते भाग लागले. कात्रीने सगळ्यांना केक खायला घातला.

एप्रिलच्या शेवटी भाचीची परीक्षा संपली. मेमध्ये बाप तिला सुट्टीसाठी म्हणून आजीकडे घेऊन गेला, आणि एकटाच परत आला. तिथल्या शाळेत नाव घातलं, म्हणाला. त्या गुरुवारी धाकटीने टोस्टला हात लावला नाही.

"सासूबाईंशी फोनवर बोलले. म्हणाल्या, इथली शाळा चांगली आहे, हवा चांगली आहे, तुला नोकरीतून वेळ कुठे मिळतो. मला उत्तरच सुचेना ताई. काय बोलणार?"

ती वाक्यं थोरलीने ओळखली. न ओळखून कसं चालेल? पण तिने धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला आणि "होईल नीट" म्हणाली. परत आल्यावर फळ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. अशा गोष्टी शंभर घरांत होतात, म्हणूनच तर त्या मालिकेत चालतात, असं तिने स्वतःला समजावलं. कार्ड काढलं नाही. काढायचं नाही असा नियमच होता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी, धाकटी ऑफिसात आली. यापूर्वी ती कधी आली नव्हती. खाली रंगकाम चालू होतं, बसायची बाकं बाहेर काढलेली, म्हणून दारावरच्या बाईने तिला भलेपणाने वर कथाखोलीत नेऊन बसवलं. थोरली चॅनेलवाल्यांबरोबर चौथ्या मजल्यावर होती. तिला निरोप मिळून ती खाली येईपर्यंत चाळीस मिनिटं गेली.

धाकटी बसलेली नव्हती. पायाशी एक मोठी पिशवी ठेवून ती फळ्याजवळ उभी होती, दुकानात काच तपासताना असायची तशी, नाक जवळजवळ टेकवून. काचेवरचे बारीक आकडे वाचायची तिला सवयच होती.

"अगं, आज इकडे कुठे?" थोरली म्हणाली. "बस ना. चहा सांगते."

"ही पिवळी कोण गं?"

"मालिकेतली आहे एक."

"'आईला असं म्हणायचंय की,'" धाकटीने मोठ्याने वाचलं. मग पुढचं वाचलं. मग त्याच्या पुढचं. तिचा आवाज अगदी साधा होता, औषधाच्या बाटलीवरचं वाचावं तसा. थोरली दारातच उभी राहिली. मागे दार उघडं होतं, आणि तिला पळून जावंसं वाटलं, हे खरं.

"कोपऱ्यात ही तारीख कसली?"

इथे खोटं बोलता आलं असतं. चित्रीकरणाची म्हणता आलं असतं, प्रक्षेपणाची म्हणता आलं असतं. पण सहा वर्षं जो नियम तिने सगळ्यांच्या डोक्यावर बसून पाळायला लावला, त्याच्याबद्दल तिच्या तोंडून खोटं निघालं नाही.

"कार्ड लावलं त्या दिवसाची."

"बारा फेब्रुवारी." धाकटीने बोट कार्डावर ठेवलं. "मी तुला फोन केला सोमवारी, अकराला. तू मला थांब म्हणालीस गुरुवारी, चौदाला. मला पक्कं आठवतं, कारण पंधराला मी त्यांना नाही कळवलं. म्हणजे हे आधी."

"अगं, मला खरंच तसं वाटत होतं. परीक्षा—"

"वाटत असेल की. पण आधी इथे वाटलं, मग माझ्यासाठी वाटलं."

धाकटीचं बोट पुढच्या कार्डावर सरकलं.

"आणि हे तीन मार्चचं. शाळा चांगली, हवा चांगली. सासूबाई फोनवर बोलल्या तेव्हा मला नवल वाटलं होतं, एवढं मुद्देसूद बोलायला या कधी शिकल्या म्हणून." धाकटी हसली. ते हसू बघवत नव्हतं. "रोज संध्याकाळी शिकवणी होती त्यांची."

"माणसं काय टीव्ही बघून अशा गोष्टी करतात का?"

"माणसं काय करतात ते तुला माहीत. तुझा धंदा आहे तो. माझी मुलगी तिकडे आहे, एवढं मला माहीत आहे."

"मी तुला विचारायला हवं होतं," थोरली म्हणाली. "पण विचारलं असतं तर तू बोलायची बंद झाली असतीस."

"मी? तुझ्याशिवाय कुणाशी बोलत होते मी? बोलले असते ताई. सगळं सांगितलं असतं, अजून चार गोष्टी सांगितल्या असत्या. फक्त मग तुझा सल्ला घेतला नसता."

बादलीत पाणी पडत होतं. धाकटी परत फळ्याकडे वळली आणि पिवळ्या रांगेच्या टोकाशी पोचली.

"हे उलटं का लावलंय?"

"ते बघू नकोस," थोरली म्हणाली.

धाकटीने टाचणी काढली. कार्डावर लिहिलं होतं, 'पिवळी जाते. नोकरी सोडून, सासूच्या गावी, मुलीपाशी. तोंड मिटून.' तिने ते दोनदा वाचलं. कोपरा बघितला. मग खाली वाकून पिशवीचं तोंड उघडून दाखवलं. वरच काचा घासताना घालायचा निळा एप्रन घडी करून ठेवलेला होता.

"हेच सांगायला आले होते. आज दुकानातला शेवटचा दिवस झाला. चारची गाडी आहे. तो म्हणाला, हवं तर जा, आईला मदत होईल." तिने पिशवीचं तोंड बंद केलं. "मला वाटत होतं, हे तरी माझं मी ठरवलं."

"जाऊ नकोस," थोरली म्हणाली. तिने कार्डासाठी हात पुढे केला. "आपण वकील बघू. मी येते बरोबर. आण ते कार्ड इकडे, फाडून टाकते, आत्ता बदलते सगळं."

"बदललंस तर पोरगी घरी येईल का?"

थोरलीने पुढे केलेला हात मागे घेतला.

"पंधरा दिवस झाले, ती माझ्याशी फोनवर बोलते ते आजीच्या तोंडाकडे बघत बघत. मला ऐकू येतं ते. वकिलाची तारीख लागेपर्यंत मला तिथे असायला पाहिजे. एवढंच आहे माझ्या हातात." धाकटीने कार्ड परत जागेवर ठेवलं, टाचणी टोचली. "उलटंच लावतात ना?"

पिशवी उचलून ती गेली. जिन्यात रंगाऱ्याने तिला बाजूने जायला जागा करून दिली, तेव्हा ती त्याला "ओला आहे का?" म्हणाली, एवढंच थोरलीला वरून ऐकू आलं.

त्या दिवशी थोरलीने नियम मोडला. शेवटाचं कार्ड तिने फाडून बादलीत टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी कात्रीच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"सासू नातीला परत आणून देते," ती म्हणाली. "स्वतःहून."

"काय खाऊन आलात?"

"देते म्हणजे देते. नाहीतर उद्यापासून दुसरी आराखडेबाई बघा."

कात्रीने तिचा आवाज इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "पडली मालिका तर तुमच्या नावाने बिल फाडीन," म्हणाला, आणि कधी नव्हे ते न कापता त्याने कागद सरकवला.

मग थोरलीने आयुष्यातला सगळ्यात कसून केलेला आराखडा केला. सासूचं मन एकदम पालटलेलं कुणाला पटणार नाही, म्हणून अकरा कार्डांत हळूहळू पालटवलं. नात रात्री झोपेत आईला हाक मारते. सासूचे गुडघे दुखतात, नातीमागे धावणं होत नाही. शेजारीण म्हणते, तुमच्यासारखं मोठं मन कुणाचं नाही. आजवर घराघरांतल्या बायकांसाठी जाळं विणणारी थोरली या वेळी एकाच बाईसाठी विणत होती. धाकटीच्या सासूबद्दल गुरुवारच्या गप्पांत जे जे ऐकलं होतं, ते ते तिने आठवून आठवून घातलं. तिचं चष्मा कपाळावर ढकलून बोलणं, तिचं गच्चीतल्या कुंड्यांना नावाने हाक मारणं, तिला स्तुती किती आवडते ते. मालिकेतली सासू तिने इतकी थोर केली, की बघणारीला तिच्यासारखं व्हावंसं वाटलंच पाहिजे. हे सगळं पुन्हा त्याच खाणीतून काढलेलं आहे, हे तिला कळत होतं. पण या खेपेला बहिणीसाठी काढतेय, असं ती स्वतःला बजावत होती. शेवटचं वाक्यसुद्धा तिने पोपटाला लिहू दिलं नाही, स्वतः लिहिलं. 'मुलाच्या योग्य वाढीसाठी आईचा सहवास अत्यंत आवश्यक असतो, हे मला आता उमगले आहे.'

"बाई," पोपट म्हणाला, "हे अर्जासारखं वाटतंय हो."

"राहू दे तसंच."

भाग लागायला ऑगस्ट उजाडला. थोरली कधी मालिका बघायची नाही, ते दोन आठवडे तिने रोज बघितली. पडद्यावरची सासू कपाळावर चष्मा ढकलून एकेक पायरी मऊ होत होती, आणि तिकडे दुसऱ्या गावातल्या एका खोलीत एक खरी म्हातारी हे बघत असेल, या विचाराने थोरली टीव्हीच्या आणखी जवळ सरकून बसायची. सासू नातीला घेऊन गाडीत बसते, तो भाग सोमवारी लागला. पुढचे दोन दिवस तिने कसेबसे काढले. गुरुवारची वाट बघणं भाग होतं. धाकटी आता फक्त गुरुवारी दुपारी, सासू आडवी झाली की, फोन करायची. तेही थोडा वेळ, हळू आवाजात, तोंडावर पदर धरल्यासारखं. फेब्रुवारीबद्दल ती पुन्हा कधी एक शब्द बोलली नव्हती. तिच्या गप्पाही आता हवापाण्याच्याच असायच्या. सांगण्यासारखं काही ती सांगत नसे.

फोन आला तेव्हा थोरली त्याच चहाच्या दुकानात, त्याच टेबलाशी बसली होती.

"कशी आहेस?"

"बरी आहे. तू?"

"सासूबाई बऱ्या आहेत?"

"आहेत की. झोपल्यात."

थोरलीला धीर धरवेना. "मालिका बघतात का गं अजून?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग धाकटी म्हणाली, "नाही, सोडली. सोमवारी ती सासू पोरीला परत द्यायला निघाली ना, तेव्हा उठून टीव्ही बंद केला. म्हणाल्या, हल्ली काहीच्या काही दाखवतात, असं कुठे असतं का? तुझ्या बहिणीला सांग म्हणाल्या, आधी किती खरं लिहायची."

थोरलीने कप खाली ठेवला. तिला धाकटीची माफी मागायची होती. ती कशी मागायची, आधी काय म्हणायचं, मग काय म्हणायचं, हे दोन महिने ती मनाशी रचत होती, आणि आता त्यातला एक शब्द तिला सापडेना.

"धाकटे," ती म्हणाली, "मी... ऐक ना. तू काहीतरी बोल. तुला जे म्हणायचंय ते म्हण मला. वाट्टेल ते म्हण."

धाकटीने श्वास घेतलेला तिला ऐकू आला. ती बोलणार होती. तेवढ्यात फोन कुणीतरी हातातून घेतल्याची खरखर झाली आणि भाचीचा स्वच्छ, समजूतदार आवाज आला.

"मावशी, आईला असं म्हणायचंय की, तिला आता खूप काम आहे."